चोवीस संघ, दोन दिवस आणि एकच मैदान

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: एका हौशी क्रीडा मंडळाचे कार्यवाह असलेले हे वाचक बरीच वर्षे स्थानिक फुटबॉल स्पर्धा भरवत आले आहेत. गेल्या वर्षी चोवीस संघ होते, बाद पद्धत होती, मैदान एक होते आणि दिवस दोन. प्रत्येकी वीस मिनिटांची दोन सत्रे असा सामना ठरला होता आणि दोन्ही दिवस तेच तीन पंच काम पाहत होते. उद्घाटन दीड तास लांबले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजेड कमी होऊ लागला, तेव्हा उपांत्य सामन्यांची सत्रे दहा-दहा मिनिटांची केल्याचे ध्वनिक्षेपकावरून जाहीर झाले. अंतिम सामना अंधुक उजेडात १-१ असा बरोबरीत सुटला. पंचांनी थेट पेनल्टी शूटआउट घेतले, हरलेल्या संघाने जादा वेळ का दिला नाही असा वाद घातला, त्यातच विजेत्या संघात बाहेरचा खेळाडू असल्याचा आरोप झाला, मुख्य पंचांना धक्काबुक्की झाली आणि चषक गोंधळातच देऊन टाकावा लागला. ते पंच आता येणार नाहीत, निम्मे स्वयंसेवक मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडले आहेत. यंदा मात्र प्रायोजकाने मोठ्या स्पर्धेसाठी वाढीव रक्कम देऊ केल्यामुळे समितीला बत्तीस संघ आणि शिवाय चौदा वर्षांखालील मुलांचे आठ संघ हवे आहेत. वाचक लिहितात, "शिस्तीचे संघ, निःपक्षपाती पंच आणि मनापासून काम करणारे स्वयंसेवक हल्ली मिळतच नाहीत. मी राजीनामा द्यावा, वर्षभर स्पर्धा बंद ठेवावी, की समितीच्या म्हणण्याप्रमाणे पुढे जावे? मी सोडले तर स्पर्धाच बंद पडेल अशीही भीती वाटते."

सदराचे उत्तर:

तुमच्या पत्रात तीन प्रकारच्या माणसांवर ठपका आहे: बेशिस्त खेळाडू, पक्षपाती पंच आणि कामचुकार स्वयंसेवक. त्या संध्याकाळी तुम्ही जे पाहिले त्यानंतर असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि पंचांच्या अंगावर हात टाकणाऱ्यांना पाठीशी घालण्याचे कोणतेच कारण मला दिसत नाही. तरीही माणसांचा विचार क्षणभर बाजूला ठेवून तुम्ही माझ्याबरोबर एक साधा हिशेब करावा, अशी विनंती आहे. पत्रात तुम्ही सगळे आकडे दिले आहेत, फक्त त्यांची बेरीज केलेली नाही.

बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यागणिक एक संघ बाहेर पडतो, म्हणून चोवीस संघांतून एक विजेता निवडायला तेवीस सामने लागतात. चाळीस मिनिटांचा खेळ, पाच मिनिटांचे मध्यंतर आणि पुढचे संघ मैदानात उतरून रांगेत उभे राहीपर्यंत दहा मिनिटे, असे धरले तर एका सामन्याला पंचावन्न मिनिटे हवीत. तेवीस सामन्यांना एकवीस तास पाच मिनिटे झाली. दिवसाचा खेळण्याजोगा उजेड दहा तास धरला तर दोन दिवसांत तुमच्याकडे वीस तास होते, आणि त्यातले दीड तास उद्घाटनाने घेतले. म्हणजे एकही खेळाडू जखमी झाला नसता, एकही संघ उशिरा आला नसता आणि एकदाही चेंडू गटारात गेला नसता, तरी तुम्हाला दोन तास पस्तीस मिनिटे कमी पडणारच होती. दोन उपांत्य सामने निम्मे करून त्यातली जेमतेम चाळीस मिनिटे वाचली. उरलेली तूट मध्यंतरे आखडून, दोन सामन्यांमधली विश्रांती खाऊन आणि शेवटी अंधारात खेळून भरून काढली गेली असणार.

एका मैदानावर एकामागून एक सामने होतात तेव्हा उशीर पुढच्या पुढच्या सामन्यावर ढकलला जातो आणि सगळा साठून शेवटच्या दोन-तीन सामन्यांवर येऊन पडतो. म्हणजे स्पर्धेतले सर्वांत चांगले संघ, सर्वांत जास्त प्रेक्षक आणि सर्वांत महत्त्वाचे निकाल जिथे असतात, नेमकी तिथेच वेळ संपलेली असते. भर घालायची तर चोवीसच्या सोडतीत आठ संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल (म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत प्रवेश) द्यावी लागते, त्यामुळे अंतिम फेरीत पोहोचलेला एक संघ पाचवा सामना खेळत असतो आणि समोरचा चौथा, असे सहज घडते. तुमच्या अंतिम सामन्यात असे झाले होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. कागद काढून पाहा. पुढे चाल कोणाला मिळाली आणि ती चिठ्ठी कोणासमोर उचलली गेली, या प्रश्नाचे उत्तर समितीतल्या सर्वांना एकसारखे देता येते का, हेही विचारून पाहा.

आता त्या दोन निर्णयांकडे वळू. फुटबॉलच्या नियमावलीतला सातवा नियम असे सांगतो की सामन्याचा कालावधी कमी करायचा तर खेळ सुरू होण्यापूर्वी पंच आणि दोन्ही संघ यांचे त्यावर एकमत झाले पाहिजे आणि स्पर्धेच्या नियमांतही ते बसले पाहिजे. ध्वनिक्षेपकावरून केलेली घोषणा म्हणजे एकमत नव्हे. उपांत्य फेरीतल्या चारही कर्णधारांना बोलावून दोन मिनिटे विचारले असते, तर बहुधा त्यांनीही होकारच दिला असता, कारण मावळतीकडे त्यांचेही लक्ष होतेच. बरोबरीचे म्हणाल तर नियमावली जादा वेळ किंवा पेनल्टी शूटआउट यांपैकी काय घ्यायचे हे पंचांवर सोडत नाही, ते स्पर्धेच्या नियमांवर सोपवते. तुमच्या नियमपत्रिकेत ते कलम होते का? पत्रावरून वाटते की नव्हते. तसे असेल तर पंचांनी चूक केली असे म्हणता येत नाही, आणि हरलेल्या संघाने उगाच वाद काढला असेही म्हणता येत नाही. मंडळाने मोकळी ठेवलेली जागा प्रत्येकाने आपापल्या समजुतीने भरली.

लिहिलेला नियम सर्वांना आवडलाच पाहिजे, असे नाही. २०१९ च्या एकदिवसीय क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. सामना बरोबरीत, सुपर ओव्हरही बरोबरीत आणि इंग्लंडने न्यूझीलंडपेक्षा अधिक चौकार-षटकार मारले म्हणून इंग्लंड विजेते. जगभर त्या नियमावर टीका झाली, काही महिन्यांतच तो बदलण्यात आला. पण त्या संध्याकाळी चषक कोणाचा याबद्दल मैदानावर कोणी हुज्जत घातली नाही, कारण कलम आधीपासून लिहिलेले होते. उलट टोकाचे उदाहरण १९९४ च्या कॅरिबियन चषकाच्या पात्रता फेरीतले आहे. जादा वेळेतला गोल्डन गोल, म्हणजे होताच सामना संपवणारा पहिला गोल, दोन गोलांइतका मोजायचा, असा एक नियम संयोजकांनी घातला होता. ग्रेनाडाविरुद्ध दोन गोलांच्या फरकाने जिंकणे आवश्यक असलेला बार्बाडोस शेवटच्या काही मिनिटांत २-१ ने पुढे होता. मग त्यांच्या लक्षात आले की आपल्याच जाळ्यात चेंडू मारून बरोबरी केली, तर जादा वेळ मिळेल आणि तिथला एक गोल दोन गोलांचे काम करेल. त्यांनी तसे केले, नंतर ग्रेनाडाचे खेळाडू दोन्हींपैकी कुठल्याही जाळ्यात गोल करायला धावत होते आणि बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही जाळी राखत होते, आणि अखेर सामना ४-२ असा बार्बाडोसने जिंकला. समितीतल्या कोणाला स्पर्धा "रंगतदार" करण्यासाठी एखादा नवा नियम सुचला, तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा. स्थानिक स्पर्धेला प्रचलित नियमच पुरेसे असतात, आणि कल्पकता दाखवायला कार्यक्रमपत्रिकेचे मुखपृष्ठ मोकळे असते.

तुमची नियमपत्रिका दोन पानांची असली तरी चालेल, पण तिच्यात काही गोष्टी निःसंदिग्ध असायला हव्यात. बरोबरी झाल्यास काय, आणि ते साखळीत, बाद फेरीत आणि अंतिम सामन्यात वेगळे असेल तर कसे. पाऊस, वीज किंवा अंधारामुळे सामना थांबल्यास निकाल कशावर. संघ किती मिनिटे उशिरा आला की प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल. खेळाडूंची यादी कोणत्या क्षणी बंद होते आणि ओळख कशाने पटवायची. थांबलेल्या सामन्याबाबत स्पर्धेच्या नियमांत काही नसेल आणि संयोजकांनीही वेगळे ठरवले नसेल, तर नियमावलीप्रमाणे तो पुन्हा पहिल्यापासून खेळवावा लागतो. एका मैदानावरच्या दोन दिवसांच्या स्पर्धेला हे परवडणारे नाही.

बाहेरच्या खेळाडूचा आरोप अंतिम सामना हरल्यानंतर झाला, हेही लक्षात घ्या. तो खेळाडू आदल्या दिवसापासून खेळत होता. ज्यांना ठाऊक होते ते गप्प राहिले, कारण तक्रार कुठे, कोणाकडे आणि कधीपर्यंत करायची हे कोणालाच माहीत नव्हते. पात्रतेबद्दलची हरकत सामना सुरू होण्यापूर्वी घ्यावी, नियमांच्या अंमलबजावणीबद्दलची हरकत सामना संपल्यापासून अर्ध्या तासात लेखी द्यावी, तिच्याबरोबर परत मिळू शकेल अशी अनामत भरावी आणि निर्णय पुढचा सामना सुरू होण्याआधी लागावा, एवढे ठरवले तरी निम्मा गोंधळ कमी होईल. निर्णय देणारी तिघांची समिती खेळणाऱ्या कोणत्याही संघाशी संबंधित नसावी, आणि तुम्हीही तिच्यात नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तक्रार येईल त्या क्षणी तुम्ही पुढच्या सामन्याची तयारी करत असता, आणि घाईत दिलेला न्याय हरलेल्याला न्याय वाटत नाही. मात्र गोल झाला की नाही, हात लागला की नाही, अशा खेळातल्या घटनांबद्दल पंचांचा निर्णय अंतिम असतो. त्यावर हरकत स्वीकारली जाणार नाही, हे त्याच पानावर ठळक छापा.

पंचांबद्दल तुम्ही "निःपक्षपाती" हा शब्द वापरला आहे. मी त्याऐवजी त्यांच्या पायांचा विचार करेन. एक मुख्य पंच आणि दोन रेषेवरचे, असे तिघेच असतील तर तेच तिघे तेवीसच्या तेवीस सामन्यांत उभे होते. उपांत्य सामने आखडल्यानंतरही तो साडेचौदा तासांहून अधिक प्रत्यक्ष खेळ होतो, आणि खेळाडू चार-पाच सामन्यांनंतर थकत असतील तर अंतिम सामन्यातल्या पंचांची काय अवस्था असेल? दमलेला पंच चेंडूपासून लांब राहतो आणि लांबून दिलेला निर्णय बरोबर असला तरी पटत नाही. पक्षपाताचा संशय अनेकदा त्या अंतरातून जन्मतो. त्यामुळे किमान दोन संच हवेत, दोन सामन्यांनंतर विश्रांती हवी आणि अंतिम सामन्याच्या पंचांना त्या दिवशी त्याआधी फार तर एक सामना द्यावा. त्यांना बसायला सावली, प्यायला पाणी आणि मानधन स्पर्धा संपण्याआधीच हातात, या गोष्टी किरकोळ वाटतात. पण पुढच्या वर्षी फोन उचलला जातो की नाही हे त्यांवरच ठरते. २०२४ च्या युरो स्पर्धेत निर्णयाचा खुलासा फक्त कर्णधाराने पंचांकडे मागावा, इतरांनी घोळका केल्यास पिवळे कार्ड, अशी ताकीद सर्व संघांना आधीच देण्यात आली होती. हा नियम जसाच्या तसा उचला. त्याला खर्च नाही, आणि पहिल्या सामन्यापासून तो पाळला गेला तर अंतिम सामन्यापर्यंत अंगवळणी पडतो.

स्वयंसेवकांकडे येऊ. "हल्लीच्या मुलांना निष्ठा नाही" हे वाक्य तुम्ही लिहिलेले नसले तरी पत्रातून ऐकू येते. तुम्ही त्यांना काय सांगितले होते? बहुतेक मंडळांत सांगितले जाते ते असे: "दोन दिवस मदतीला या." मग तो मुलगा सकाळी येतो, खुर्च्या लावतो, चुना आणतो, चेंडू शोधायला धावतो, प्रेक्षकांच्या शिव्या खातो, आणि वेळापत्रक बदलल्याचे त्याला प्रेक्षकांकडून कळते. त्याने पुढच्या वर्षी न येणे हा निष्ठेचा प्रश्न राहत नाही. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा धावपटूंनी सुरू झालेला पार्करन हा पाच किलोमीटरचा विनाशुल्क उपक्रम आज अनेक देशांत दर आठवड्याला चालतो तो स्वयंसेवकांच्या बळावरच. तिथे प्रत्येकाला एका सकाळचे, एका वाक्यात सांगता येईल असे काम मिळते: वेळ नोंदवणे, वळणावर उभे राहणे, सर्वांत शेवटच्या माणसाच्या मागे चालणे. तुम्हीही "मदतीला या" म्हणण्याऐवजी "शनिवारी सात ते अकरा गुणफलक आणि निकालाची वही" असे लिहून विचारा. चार तासांना हो म्हणणारी माणसे दोन दिवसांना हो म्हणणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक असतात. आणि ग्रुप सोडून गेलेल्यांपैकी दोघा-तिघांना फोन करून कारण विचारा, समजावण्यासाठी नव्हे तर ऐकण्यासाठी. माझा अंदाज चुकीचाही असेल, खरे कारण त्यांनाच माहीत आहे.

आता समितीच्या प्रस्तावाचा हिशेब. बत्तीस संघांना एकतीस सामने, म्हणजे अठ्ठावीस तास पंचवीस मिनिटे. मुलांच्या आठ संघांना सात सामने; ते पंधरा-पंधरा मिनिटांच्या सत्रांचे ठेवले तरी पाच तास पंधरा मिनिटे. एकूण तेहतीस तास चाळीस मिनिटे, आणि तुमच्याकडे वीस. दुसरे मैदान किंवा आणखी दोन दिवस मिळाल्याशिवाय हे होऊ शकत नाही, आणि दुसरे मैदान म्हणजे पंचांचे आणखी संच, दुसरी प्रथमोपचार पेटी, दुसरी वही आणि तुमच्याइतकाच जबाबदार दुसरा माणूस. प्रकाशझोत लावून रात्री खेळवण्याची कल्पना कोणीतरी मांडेलच. त्यात विजेची सुरक्षितता, आजूबाजूच्या घरांची झोप आणि परवानग्या या तिन्ही गोष्टी येतात, म्हणून घाईघाईत ती स्वीकारू नये.

माझ्या मते तुम्ही संघ कमी करावेत. सोळा संघांच्या बाद स्पर्धेला पंधरा सामने लागतात, म्हणजे पावणेचौदा तास. वीस तासांतून सव्वासहा तास शिल्लक राहतात, ज्यात उद्घाटन, उशीर, दुखापत, अंतिम सामन्याची जादा वेळ आणि उजेडातला बक्षीस समारंभ असे सगळे बसते. पुढे चाल कोणालाच द्यावी लागत नाही. यातला तोटा एकच, पण मोठा: निम्मे संघ एक सामना खेळून घरी जातात, आणि पहिल्याच दिवशी मैदान अर्धे रिकामे होते. म्हणून मला बारा संघांची रचना अधिक भावते. तीन-तीनचे चार गट, प्रत्येक गटात तीन साखळी सामने, गटविजेत्यांचे दोन उपांत्य सामने आणि एक अंतिम सामना: सामने पंधराच होतात, पण प्रत्येक संघाला किमान दोन सामने मिळतात.

तीनच्या गटात एक धोका असतो आणि तो मोठ्या संयोजकांनाही चुकलेला नाही. शेवटचा सामना दोघांचा असतो आणि तिसरा संघ कठड्याबाहेर बसून आपले भवितव्य पाहतो. १९८२ च्या विश्वचषकात, गट चारचा असूनही, पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना, आदल्या दिवशीचा निकाल माहीत असल्यामुळे, जर्मनीचा १-० विजय दोघांनाही पुढे नेतो हे ठाऊक होते. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि नंतर सामना जवळजवळ थांबलाच. अल्जीरिया बाहेर गेला. त्यानंतरच्या स्पर्धेपासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी घेतले जाऊ लागले. २०२६ च्या विश्वचषकासाठी आधी ठरलेली तीन-तीनच्या गटांची योजनाही २०२३ मध्ये मागे घेऊन चार-चारचे गट ठेवण्यात आले. तीनच्या गटात शेवटचा सामना एकच उरत असल्याने एकाच वेळी सामने घेण्याचा उपाय इथे चालत नाही. पण गटातून फक्त विजेताच पुढे नेला, आणि पहिला सामना हरणाऱ्याला दुसऱ्या सामन्यात उतरवले, तर दोघांच्या सोयीचा निकाल लागण्याची शक्यता बरीच कमी होते. पहिला सामना बरोबरीत सुटल्यास दुसऱ्यात कोण, हे सोडतीच्या वेळीच ठरवून ठेवा. फक्त त्या संघाला लगेच पुन्हा मैदानात ढकलू नका, मध्ये दुसऱ्या गटाचे सामने घाला. सोडत सर्व कर्णधारांना बोलावून त्यांच्यासमोरच काढा आणि खाली त्यांच्या सह्या घ्या.

प्रायोजकाला नाराज करण्याची भीती तुम्हाला आणि समितीला वाटते. प्रायोजकाला बत्तीस हा आकडा का हवा, हे कोणी विचारले आहे का? बहुधा त्याला माणसे हवी आहेत, आणि शेवटच्या सामन्याला भरलेले मैदान त्याला अधिक उपयोगाचे आहे. वाढीव रक्कम पंचांचा दुसरा संच, प्रथमोपचार आणि चांगली जाळी यांकडे वळवता येईल असा प्रस्ताव त्याच्यापुढे लेखी ठेवा. रोख बक्षीस मात्र वाढवू नका. बक्षीस वाढले की बाहेरच्या खेळाडूंना बोलावणे परवडू लागते, मग ओळखपत्रे तपासणे हेच तुमचे मुख्य काम होऊन बसते.

मुलांच्या गटाबाबत माझे मत समितीच्या उत्साहाविरुद्ध जाणारे आहे: यंदा तो या स्पर्धेला जोडू नये. मुलांच्या सामन्यांना वयाचे दाखले, पालकांची लेखी संमती, प्रत्येक संघाबरोबर दोन जबाबदार प्रौढ आणि उन्हाच्या वेळा टाळणे, एवढे तरी लागतेच, आणि मोठ्यांचे सामने लांबले की दुपारच्या उन्हात ढकलले जातात ते मुलांचेच. मुलांसाठी नंतर एक स्वतंत्र सकाळ ठेवा.

सुरक्षिततेविषयी तुमच्या पत्रात एक ओळही नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन सामन्यात कोसळला, त्याचे हृदय बंद पडले, आणि मैदानावरच सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा प्रथमोपचार) व विजेचा धक्का मिळाल्यामुळे तो वाचला. अशा वेळी मदत न मिळता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. स्थानिक मैदानावर डॉक्टरांचा ताफा नसतो. पण सीपीआर शिकलेली दोन माणसे दोन्ही दिवस हजर असू शकतात, हृदयाला विजेचा धक्का देणारे जवळचे एईडी यंत्र कुठे आहे हे आधी शोधता येते, आणि रुग्णवाहिका आत येण्याचा रस्ता दुचाक्यांनी अडवला जाणार नाही हे एका स्वयंसेवकाला नेमून देता येते. मैदानाचा नेमका पत्ता आणि ओळखीची खूण नोंदणीच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. घाबरलेल्या माणसाला फोनवर तो सांगता येत नाही. हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला पक्के जखडा, ते उलटून जगभरात मुले दगावली आहेत. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर खेळ थांबवा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे थांबा. डोक्याला मार लागून खेळाडू गांगरलेला दिसला, तर तो कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्याला त्या दिवशी पुन्हा खेळवू नका, मग तो अंतिम सामन्याचा कर्णधार का असेना.

राहिला तुमच्या राजीनाम्याचा प्रश्न. "मी सोडले तर स्पर्धा बंद पडेल" हे तुमचे वाक्य मला काळजीचे वाटते, कारण ते खरे असण्याची शक्यता आहे. सोडत, हिशेब, पंचांशी बोलणी आणि ध्वनिक्षेपक हे सारे एकाच माणसाकडे असेल, तर त्या माणसाला दुपारी चार वाजता चार कर्णधारांना गाठायला वेळ कुठून मिळणार? पद सोडण्याआधी कामे सोडून पाहा. वेळापत्रक एकाकडे, पंच दुसऱ्याकडे, पैसा खजिनदाराकडे, आणि तुमच्याकडे फक्त कोणाचे कुठे अडले आहे ते पाहणे. वर्षभर स्पर्धा बंद ठेवण्याचा पर्यायही मी वाईट म्हणणार नाही, पण खंड पडला की मैदानाची तारीख, पंचांचा संपर्क आणि संघांची सवय या तिन्ही गोष्टी निसटतात. म्हणून बारा संघांची स्पर्धा भरवणे मला अधिक योग्य वाटते. त्यालाही एक अट घाला: स्पर्धेच्या सहा आठवडे आधीपर्यंत मैदान, पंचांचे दोन संच आणि कामे वाटून घेतलेले स्वयंसेवक निश्चित झाले नाहीत, तर त्याच दिवशी स्पर्धा रद्द झाल्याचे जाहीर करावे आणि घेतलेली प्रवेश फी परत द्यावी. इतके आधी रद्द केलेल्या स्पर्धेबद्दल कोणी फारसा राग धरत नाही.

समितीने हा हिशेब पाहूनही बत्तीसचाच आग्रह धरला, आणि दुसरे मैदान किंवा जास्तीचे दिवस मिळवण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, तर मात्र तुम्ही नकार लेखी द्या आणि प्रवेशिका खुल्या होण्यापूर्वी बाजूला व्हा. प्रवेशिका आल्यावर किंवा स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात दिलेला राजीनामा संघांवर अन्याय करतो.

गेल्या वर्षीचा निकाल पुन्हा उकरू नका. चषक दिला गेला आहे. दोन्ही अंतिम संघांच्या कर्णधारांना मात्र मंडळाच्या वतीने लिहा की बरोबरीचे कलम नियमपत्रिकेत नव्हते ही संयोजकांची उणीव होती आणि यंदाचा मसुदा छापण्याआधी त्यांनी वाचावा अशी इच्छा आहे. मुख्य पंचांकडे पत्र पाठवू नका, स्वतः जा. त्यांना झालेल्या धक्काबुक्कीबद्दल मंडळाने काय कारवाई केली, हे सांगता येण्यासारखे काहीतरी बरोबर असू द्या. काहीच केले नसेल तर आधी त्या खेळाडूंवर निर्णय घ्या आणि मगच भेटायला जा. ते परत येवोत किंवा न येवोत, बरोबरी, अंधार आणि हरकत ही तीन कलमे त्यांच्याकडून तपासून घ्या.